हेडफोनवर मस्त, फोनवर बास गायब, गाडीत नुसती घुमघुम – मिक्स सगळीकडे नीट कसा वाजवायचा?

अर्धी_मात्रा

मंडळी नमस्कार. इतके दिवस नुसतं वाचत होते, आज डोकं आउट झालंय म्हणून विचारतेय. घरीच गाणी करते, लिहिणं-गाणं-वाजवणं-मिक्सिंग सगळं एकटीचंच. सध्याचं गाणं तसं साधं आहे, किक, खाली सिंथचा सब बास, म्हणजे अगदी खालचे सूर (प्युअर साइन, जास्त करून ए आणि ई वरच फिरतो), एक अकूस्टिक गिटार, कोरसमध्ये मोठ्ठं पसरलेलं पॅड (मागे लांब धरलेले सूर) आणि माझा आवाज. मिक्स करते क्लोज्ड बॅक हेडफोनवर, टेबलावर ५ इंची मॉनिटरची (मिक्सिंगच्या स्पीकरची) जोडी पण आहे, बास किती ठेवायचा ते मॉनिटरवर ठरवते कारण हेडफोनवर तो मला कायम जास्तच वाटतो.

आता रड अशी आहे. हेडफोनवर गाणं एकदम भारी. तेच फोनच्या स्पीकरवर लावलं की बास नावाची गोष्ट गाण्यात होती की नाही असा प्रश्न पडतो, किकचा नुसता टिक टिक, आणि कोरस आला की गाणं मोठं व्हायच्या ऐवजी चक्क लहान होतं, पॅड कुठे जातं देव जाणे. गाडीत बरोबर उलटं, बास इतका घुमतो की दरवाजे थरथरतात, पण सगळे सूर नाही, एखादाच सूर मुसंडी मारतो आणि त्याच्याखाली माझा आवाज गढूळ. ब्लूटूथ स्पीकरवर तिसरंच, प्रत्येक किकला अख्खं गाणं दबतं आणि मग वर येतं, आणि 'स' 'श' कानात टोचतात.

एका ठिकाणी नीट करायला जावं तर दुसरीकडे बिघडतं. फोनसाठी बास वाढवला तर गाडीत बसवत नाही. मग प्रत्येकासाठी वेगळा मिक्स करायचा का? की हेडफोन बदलू? एकाने सांगितलं मास्टरवर (शेवटच्या आउटपुटवर) लिमिटर (ठरावीक पातळीच्या वरचा आवाज दाबणारा) जोरात लाव सगळं सरळ होतं, लावला, सगळं सारखंच वाईट झालं.

चौथा_हार्मोनिक

भाऊ, वेगळे मिक्स वगैरे अजिबात करू नको, तू कुणाकुणाच्या फोनच्या मागे धावणार. बासचं तेवढं सांगतो, बाकीचं इथले बाकीचे लोक सांगतीलच, ते काही गप्प बसणारे नाहीत.

तुझा बास प्युअर साइन आहे म्हणालास ना, सगळा घोळ तिथेच आहे. खालचा ए म्हणजे ५५ हर्ट्झ, त्याखालचा ई म्हणजे ४१ च्या जरासा वर. साइन वेव्हमध्ये त्या एका फ्रिक्वेन्सीशिवाय दुसरं काहीही नसतं. फोनचा स्पीकर नखाएवढा, मॉडेलप्रमाणे २००-३०० पासून ५०० हर्ट्झपर्यंत कुठेतरी त्याचा दम संपतो, त्याच्या खाली उतार लागतो. मग ५५ हर्ट्झ तू १० डीबी वाढव नाहीतर २० डीबी वाढव, तो स्पीकर ते काढूच शकत नाही, फक्त तुझी हेडरूम (आवाज फाटायच्या आधीची मोकळी जागा) खाल्ली जाते आणि गाडीतले लोक शिव्या घालतात. म्हणजे बासचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) हा फोनवरच्या बासचा इलाजच नाहीये.

इलाज कानाच्या एका खोडीत आहे. मूळ सूर नसला तरी त्याचे वरचे हार्मोनिक (त्याच्या पटीतले सूर) ऐकू आले तर आपला मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढतो. ५५ चे हार्मोनिक ११०, १६५, २२०, २७५, ३३० असे ५५-५५ च्या अंतराने वर जातात, फोनवर २७५, ३३०, ३८५, ४४० एवढेच जरी वाजले तरी मेंदू म्हणतो अंतर ५५ चं आहे म्हणजे सूर ५५ चाच. जुन्या टेलिफोनवर ३०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही जात नव्हतं तरी बाप्याचा आवाज बाप्याचाच वाटायचा, त्यामागे हेच.

तर बास ट्रॅकची एक कॉपी घे. तिच्यावर सॅच्युरेशन (आवाज जरा फाडून वरचे हार्मोनिक तयार करणं) टाक, लाजू नको, एकटं ऐकलं तर घाणेरडं वाटेल इतकं टाक. त्यानंतर हायपास (खालचं कापणारा फिल्टर) १५०-२०० ला आणि लोपास (वरचं कापणारा) दीड-दोन किलोहर्ट्झला. क्रम हाच ठेव, आधी सॅच्युरेशन मग फिल्टर, उलटं केलंस तर साइनच कापली जाईल आणि सॅच्युरेट करायला हातात काही उरणार नाही. ट्यूबवालं किंवा असिमेट्रिक मोड असेल तर तो घे कारण सरळ सिमेट्रिक क्लिपिंग फक्त विषम हार्मोनिक देतं, ३ रा ५ वा ७ वा, थोडं पोकळ वाटतं ते. मग ही कॉपी शून्यावरून हळूहळू वर आण, फोनवर बासची चाल गुणगुणता आली की थांब. मूळ साइनला हात लावायचा नाही, सब तोच.

किकचं पण तसंच, फोनवर किक म्हणजे २ ते ४ किलोहर्ट्झचा ठोका आणि थोडीशी २००-३०० ची लाकडी टणक, एवढंच पोचतं. तुझा टिक टिक ऐकू येतोय म्हणजे वरचा भाग आहे, मधला नाहीये. सँपल बदलून बघ, ईक्यूने (फ्रिक्वेन्सीचे पट्टे कमी-जास्त करून) नसलेली गोष्ट तयार होत नाही.

उलटी_पोलॅरिटी

वरच्यांनी ताईंना भाऊ करून टाकलं, पोस्टमध्ये 'करते' 'ठरवते' लिहिलंय हो साहेब :)

मी पॅडवर बोलतो कारण कोरसमध्ये पॅड गायब होणं म्हणजे शंभर टक्के... बरं नव्व्याण्णव टक्के, मोनोचा मामला, म्हणजे डावं-उजवं एकत्र झाल्याचा. पॅडवर वाइडनर (आवाज पसरवणारं प्लगइन) लावलाय ना? किंवा एका बाजूला काही मिलिसेकंद डिले देऊन पसरवलंय? बरेच वाइडनर काय करतात तर डाव्या-उजव्यामधला फरक वाढवतात, म्हणजे एकच गोष्ट डावीकडे सुलटी आणि उजवीकडे उलटी. हेडफोनवर ते डोक्याच्या बाहेर गेल्यासारखं भारी वाटतं. पण डावं अधिक उजवं एकत्र केलं की अधिक एक आणि वजा एक बरोबर शून्य. पॅड कुठे गेलं तर तिथे गेलं.

आणि मोनो म्हणजे जुन्या काळची गोष्ट असं समजू नका. एकच बॉक्स असलेले कितीतरी ब्लूटूथ स्पीकर डावं-उजवं मिसळूनच वाजवतात, एकच इअरबड कानात घालून ऐकणारे ढीगभर आहेत, दुकानातले छतातले स्पीकर मोनो. फोन आजकाल वरून-खालून स्टीरिओ म्हणवतात पण दोन स्पीकरमध्ये वीतभर अंतर, त्यातला एक दुबळा, व्यवहारात मोनोच धरा.

डिलेवालं पसरवणं असेल तर त्याचा वेगळा त्रास. तो आवाज पूर्ण गायब होत नाही, त्याला कंगव्यासारखे दात पडतात. १ मिलिसेकंदाचा डिले असेल तर मोनो केल्यावर ५०० हर्ट्झला खड्डा, मग १५००, मग २५००, असं पुढे. १० मिलिसेकंद असेल तर ५०, १५०, २५० असे जवळजवळ खड्डे. आवाज पातळ आणि डब्यातून आल्यासारखा होतो आणि माणूस ईक्यूने तो भरत बसतो, भरणार कसा, तिथे दोन लाटा एकमेकींना मारतायत, दोन्ही सारख्याच वाढवून काय होणार.

आता करायचं काय. मास्टरवर मोनो बटण शोधा, कोरसला दाबा. त्याच वेळी कोरिलेशन मीटर (डावं-उजवं किती जुळतं ते दाखवणारा) बघा, अधिककडे रेंगाळला तर ठीक, शून्याच्या खाली जाऊन बसला तर पॅड दोषी. वाइडनर काढून टाका आणि रुंदी खरीखुरी तयार करा, म्हणजे पॅड दोनदा वाजवा, डावीकडे एक इन्व्हर्शन (तोच कॉर्ड, सुरांचा क्रम वेगळा) उजवीकडे दुसरी, किंवा दोन वेगळे साउंड. दोन वेगळ्या गोष्टी मोनोत एकमेकींना मारत नाहीत, फक्त शेजारी शेजारी बसतात. पूर्ण कडेला पॅन केलेल्या गोष्टी मोनोत मधल्यांच्या मानाने ३ डीबीच्या आसपास मागे जातात, तेवढं चालतं, तेवढ्याने गाणं मरत नाही. १०० हर्ट्झच्या खाली मात्र काहीही पसरवू नका, तिथे पसरलेल्या बासचा कुणालाच उपयोग नसतो.

अजून एक, मोनो ऐकताना दोन्ही मॉनिटर चालू ठेवू नका, एकच चालू ठेवा. दोन स्पीकरमधून एकच आवाज आला की दोन्ही कानांना दोन वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि त्याचे परत आपले वेगळे खड्डे.

गिअरगुरू

५ इंचीवर बास ऐकू येणारच नाही, ८ इंची घ्या आणि जमलं तर सबवूफर. विषय संपला.

कोपऱ्यातला_बास

विषय संपला नाही, उलट ८ इंची आणि सब आणून खोली तशीच ठेवली तर विषय जोरात सुरू होईल.

अर्धी_मात्रा, खोली केवढी आहे आणि तुम्ही बसता कुठे? एखादाच सूर गाडीत मुसंडी मारतो असं लिहिलंय ते वाचून मला संशय आलाय.

अर्धी_मात्रा

(ताई चालेल, भाऊपण चालेल, बास ऐकू आला की झालं.)

खोली जवळपास चौकोनी, एका बाजूने ३ मीटर, दुसरी त्याहून थोडी कमी. टेबल भिंतीपासून बरंच पुढे घेतलंय कारण मागे वायर्सचं जंजाळ आहे, त्यामुळे मी बसते ती खोलीच्या मधोमधच म्हणा. मॉनिटरच्या मागे भिंतीपर्यंत हातभर जागा असेल. गाडीत घुमतो तो ए.

कोपऱ्यातला_बास

हे बघा आलं उत्तर.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ३ मीटर अंतर असेल तर त्यात पहिली उभी लाट बसते ती ३४३ भागिले दोनदा ३, म्हणजे ५७ हर्ट्झला. या लाटेचा जोर भिंतीजवळ सगळ्यात जास्त आणि बरोब्बर मध्यावर जवळजवळ शून्य. आणि तुम्ही मध्यावर बसता. तुमचा ए ५५ हर्ट्झ. म्हणजे जो सूर गाण्यात सगळ्यात जास्त येतो तोच तुमच्या खुर्चीत पोचत नाही, म्हणून तुम्ही बास वाढवता, तरी पोचत नाही, अजून वाढवता. गाडीत तो खड्डा नसतो, वर बंद लहान केबिनमुळे खालचे सूर आपोआप फुगतात ते वेगळंच, मग ए दरवाजे हलवणार नाही तर काय करणार. गाडी खोटं बोलत नाहीये, तुमची खुर्ची खोटं बोलतेय. बाकी ५ इंची मॉनिटर ५० च्या आसपास तसाही उतरायला लागतो, त्यामुळे ई तर अजूनच अंधारात.

पडताळायचं असेल तर टोन जनरेटरवर ४० ते १२० हर्ट्झ एकाच लेव्हलला हळूहळू फिरवा आणि खुर्चीत बसून ऐका, मग ५५ वर थांबवा आणि खुर्चीतून उठून मागच्या भिंतीपाशी जा. बास अचानक अंगावर येईल. आवाज बेताचा ठेवा, साइनवर स्पीकर लवकर दमतो.

करायचं ते फुकटात होण्यासारखं आहे. मध्यावरून हला. लोक म्हणतात समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसा, तो सुरुवातीचा अंदाज आहे, देवाने दिलेला आकडा नाही, पुढेमागे सरकून टोन ऐकत जागा शोधा. मॉनिटर भिंतीच्या जवळ न्या. हो, जवळ, लांब नाही. मागची भिंत आवाज परत पाठवते आणि अंतराच्या चौपट लांबीची लाट असेल तिथे खड्डा पडतो, भिंत ८० सेंटीमीटरवर असेल तर ३४३ भागिले ३.२, म्हणजे १०७ हर्ट्झला, किकच्या पोटातच. २० सेंटीमीटरवर आणलं तर तो खड्डा ४०० च्या वर सरकतो, तिथे मॉनिटर बराचसा पुढच्या बाजूलाच आवाज फेकतो आणि जाडसर पॅनेलने उरलेलं शोषून घेता येतं. भिंतीजवळ गेल्यावर खालचा आवाज थोडा फुगेल, त्यासाठीच मॉनिटरच्या मागे बास कमी करायचा स्विच दिलेला असतो, आयुष्यात कुणी हात लावत नाही त्याला.

आणि कृपा करून अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. त्याने फक्त वरचा आवाज थोडा मरतो, बासला ते दिसतही नाहीत. कोपऱ्यात १० सेंटीमीटर किंवा जास्त जाड रॉकवूल किंवा ग्लासवूलचे पॅनेल, भिंतीपासून जरा अंतर सोडून, हेच काय ते काम करतं, आणि ५५ हर्ट्झला तेही थोडंच. म्हणून सबचा निर्णय हेडफोनवर घ्या, तुमच्या केसमध्ये हेडफोन खोलीपेक्षा प्रामाणिक आहे. बास जास्त वाटतो म्हणताय ना? तो बहुतेक खरंच जास्त आहे.

जुना_फेडर

वरच्या तिघांचं बरोबर आहे पण तिघंही खालीच खणतायत. फोन, टीव्ही, लॅपटॉप, ब्लूटूथ डबा, गाडी, इअरबड या सगळ्यांत समान असं एकच असतं, मधला पट्टा. साधारण ३०० पासून ४-५ किलोहर्ट्झपर्यंत. त्याच्या खाली आणि वर प्रत्येक डब्याचं स्वतःचं राज्य आहे, कोणी बास फुगवतो कोणी वरचं चकचकीत करतो, त्याच्यावर तुमचा काही ताबा नाही. मधल्या पट्ट्यात गाणं उभं असेल तर ते कुठेही उभं राहतं. हे माहीत होतं म्हणून तर स्टुडिओत लाखाचे मोठे मॉनिटर भिंतीत बसवलेले असताना लोक टेबलावरच्या डब्यावर मिक्स करायचे. ऑराटोन नावाचा एक चौकोनी ठोकळा असायचा, आत ५ इंचाच्या आसपासचा एकच ड्रायव्हर, ना वेगळा ट्वीटर ना क्रॉसओव्हर. यामाहाचा एनएस-१० आला १९७८ मध्ये, तो खरं तर घरी गाणी ऐकायला म्हणून, घरी काही फार कौतुक झालं नाही त्याचं, पण स्टुडिओवाल्यांनी उचलला तो २००१ मध्ये बनणं बंद होईपर्यंत आणि त्यानंतरही सोडला नाही. पांढरा कोन, बंद पेटी, बास जेमतेम आणि मधला पट्टा असा पुढे आलेला की आवाजात काही टोचत असेल तर लपवायला जागा नाही. वरचं इतकं टोचायचं की लोक ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवायचे. गोड वाजतो म्हणून कुणी ठेवला नव्हता तो.

तुम्ही विकत काही घेऊ नका. मॉनिटरिंगच्या बाजूला, म्हणजे एक्सपोर्टमध्ये जाणार नाही अशा जागी, एक ईक्यू लावा, ३०० ला हायपास, ५ किलोहर्ट्झला लोपास, मोनो, आणि एकाच मॉनिटरवर ऐका. सॉफ्टवेअरमध्ये तशी वेगळी जागा नसेल आणि मास्टरवरच लावायची वेळ आली तर एक्सपोर्टच्या आधी बंद करायची आठवण ठेवा, यात भलेभले फसलेत.

आणि हळू ऐका. म्हणजे किती, तर मॉनिटर चालू असताना शेजारी बसलेल्याशी आवाज न चढवता बोलता आलं पाहिजे इतकं. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलंय की आवाज लहान असला की कानाला खालचं आणि अगदी वरचं कमी ऐकू येतं, मोठा केला की तेच भरभरून येतं. म्हणजे तुम्ही मोठ्याने मिक्स केलं की बास भरपूर वाटणार, पॅड चमकणार, सगळंच छान वाटणार, आणि ऐकणारा मात्र रात्री हळू लावणार. हळू आवाजात शब्द कळतायत का, किक आणि स्नेअर आपापल्या जागी आहेत का, एवढं बघा. मध्येच एकदा मोठं करून खालचं तपासा आणि परत खाली या.

शेजारच्या खोलीत जाऊन दार अर्धवट लावून ऐकणं ही पण जुनी युक्ती आहे. तिथून जर गिटार गाणाऱ्या आवाजापेक्षा पुढे वाटली तर ती पुढेच आहे. तुमच्या गाण्यात मला वाटतं गिटार आणि आवाज २०० ते ४०० मध्ये एकमेकांवर बसलेत, गाडीतला गढूळपणा सगळा बासचा नसतो. गिटार एकटी वाजते तिथे तिचं पोट राहू दे, आवाज सुरू झाला की २५० च्या आसपास तीनेक डीबी काढा. एकटी ऐकलीत तर किरकिरी वाटेल, एकटी ऐकायचीच नाही.

वजा_चौदा

हे सगळं ठीक पण शेवटी मास्टर -१४ एलयूएफएसला (लाउडनेस मोजायचं एकक) आणा, स्पॉटिफायचं तेच स्टँडर्ड आहे, त्याने सगळीकडे सारखं वाजेल.

शून्य_डीबीएफएस

नाव वाचूनच वाटलं होतं हे येणार :) -१४ हे स्टँडर्ड नाही, ती त्यांची वाजवायची लेव्हल आहे. स्पॉटिफाय गाण्याचा लाउडनेस मोजतं आणि नेहमीच्या सेटिंगला -१४ ला आणून वाजवतं, ऐकणाऱ्याने सेटिंग बदललं तर -११ किंवा -१९, आणि बंद केलं तर काहीच नाही. यूट्यूब मोठं असेल तर खाली आणतं, लहान असेल तर वर नेत नाही. ॲपल म्युझिकचं साउंड चेक -१६ च्या आसपास. मग कुठला आकडा पकडणार? मोजायची पद्धत तेवढी सगळ्यांची एकाच मुळाची, आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेची बीएस.१७७०, २००६ ची.

कामाची गोष्ट वेगळीच आहे. गाणं -७ ला चेपून दिलं तर ते ७ डीबी खाली आणून वाजवणार, म्हणजे मोठेपणा गेला आणि चेपल्यामुळे किकचा दणकाही गेला, हाती काय राहिलं. म्हणून लिमिटर लावल्यावर तुलना करताना दोन्हीची लेव्हल सारखी करून करा, नाहीतर जे मोठं तेच चांगलं वाटतं. गाण्याला जिथे बरं वाटतं तिथे थांबा, -१४ असो की -१०. ट्रू पीक, म्हणजे लाटेचं खरं टोक, -१ डीबीला ठेवा कारण एएसी किंवा ओग व्हॉर्बिस या दाबलेल्या फाइलमध्ये बदलताना पीक मूळ फाइलपेक्षा वर जातात आणि क्लिप होतात. जोरात चेपलेलं असेल तर -१ पण कमी पडतं.

आणि ताईंचा ब्लूटूथ स्पीकरवाला प्रश्न कुणी घेतलाच नाही. त्या डब्याच्या आत स्वतःचा लिमिटर असतो. लहान स्पीकरमधून बास काढायचा म्हणून आत खालचं फुगवलेलं असतं, आणि स्पीकर फाटू नये म्हणून जोराचा बास आला की आतलाच लिमिटर आवाज दाबतो, स्वस्तातल्यात सगळाच आवाज दाबतो. तुमची किक आणि सब एकाच वेळी येतायत आणि ए आधीच वाढवलेला आहे, म्हणून प्रत्येक किकला गाणं खाली बसतं. आधी खोलीवाल्यांचं ऐकून ए खाली आणा, अर्धं तिथेच सुटेल. ३० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, तुमचा सगळ्यात खालचा सूर ४१ आहे, त्याखाली जे आहे ते कचरा आहे. गिटार, पॅड, आवाज या सगळ्यांवर हायपास. मग बासवर किकचा साइडचेन (किक वाजली की बास क्षणभर दबतो), २-३ डीबी, किकचा ठोका गेला की लगेच सुटेल असा, दोघं एकाच दारातून एकाच वेळी घुसायला नकोत.

रेफरन्स ट्रॅक कुणी बोललं का? तुमच्या गाण्याच्या जवळचं एखादं गाजलेलं गाणं घ्या, लेव्हल जुळवून खाली आणा आणि त्याच फोनवर त्याच गाडीत ऐका. तुमच्या गाडीत सगळीच गाणी घुमत असतील तर तुमच्या गाण्याला कशाला शिक्षा.

अर्धी_मात्रा

बाप रे, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. एकेक करत बसले.

पॅड – कोरिलेशन मीटर कोरसला चक्क वजाकडे, वाइडनर काढला आणि मोनो केलं तर पॅड परत आलं. आता दोनदा वाजवलंय, डावीकडे सरळ कॉर्ड, उजवीकडे वरची इन्व्हर्शन. हेडफोनवर आधीइतकं डोक्याबाहेर जात नाही पण फोनवर कोरस आता कोरस वाटतो.

ए – टोन फिरवून बघितला, खुर्चीत ५५ ला आवाज जवळजवळ बसतो आणि मागच्या भिंतीला टेकले तर पोटात जाणवतो. टेबल सरकवलं, वायर्सचं काय ते नंतर बघेन. हेडफोनवर रेफरन्स लावून तुलना केली तर माझा सब फारच वर होता, खाली घेतला. गाडीत आता बसवतं.

पण बासची कॉपी केली तिथे अडलंय. सॅच्युरेशन, मग १२० ला हायपास (१५०-२०० ला खूप पातळ वाटत होतं म्हणून खाली घेतला), फोनवर बास मस्त ऐकू येतो. पण हेडफोनवर कॉपी चालू केली की मूळ सब उलट बारीक होतो आणि बंद केली की परत येतो. असं कसं, भर घातल्यावर कमी कसं होतं?

आणि 'स' 'श' अजून टोचतात.

चौथा_हार्मोनिक

ताई (आता नीट वाचलं), हायपास फिल्टर फेज (लाटेचा चढ-उतार कुठे येतो ते) फिरवतो. १२० ला १२ डीबी प्रति ऑक्टेव्हचा फिल्टर लावला तरी ५५ हर्ट्झ पूर्ण जात नाही, १४ डीबीच्या आसपास खाली जातं पण उरतं, आणि उरतं ते जवळजवळ उलटं होऊन. वर सॅच्युरेशनवाली कॉपी तू बऱ्यापैकी मोठी ठेवली असणार, मग ते उलटं ५५ मूळ सबमधून वजा होतं. उलटी_पोलॅरिटी साहेबांनी पॅडचं सांगितलं ना, अधिक एक वजा एक, तेच इथे थोड्या प्रमाणात.

सोपं म्हणजे कॉपीवर पोलॅरिटी उलटी करायचं बटण दाबून बघ, १२ डीबीच्या उतारावर बहुतेक सब भरून येईल. नाहीतर हायपास २०० ला परत ने आणि उतार २४ कर, ५५ इतकं खाली जाईल की फेज कशीही असली तरी फरक पडणार नाही. पातळ वाटत होतं म्हणतेस ते कॉपी एकटी ऐकून ना? मूळ सबबरोबर ऐक. तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो तो म्हणजे कॉपी वगैरे सोड, तीच मिडी (सुरांची नोंद) घेऊन दुसऱ्या सिंथवर एक ऑक्टेव्ह वर, सॉ किंवा स्क्वेअर वेव्ह, लोपास करून हळू वाजव. त्यात ५५ नसतंच तर भांडण कुणाशी होणार.

कोरसला पॅड येतं तेव्हा ही कॉपी दीडेक डीबी वर ऑटोमेट कर, तिथे ती झाकली जाते. कडव्यात खाली, नाहीतर हेडफोनवाल्याला खरखर जाणवते.

जुना_फेडर

'स' साठी आधी मास्टरवर किंवा आवाजावर वरचं चमकवायला काही शेल्फ (ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वरचं सगळं उचलणारा ईक्यू) लावलाय का ते बघा. क्लोज्ड बॅक हेडफोन बरेचदा ५-८ किलोहर्ट्झमध्ये कुठेतरी दबका असतो, माणूस मग तिथे भर घालतो आणि ज्या डब्यात तो पट्टा आधीच पुढे आहे तिथे टोचतं. डिएसर (फक्त 'स' 'श' दाबणारं प्लगइन) ६-७ किलोहर्ट्झच्या आसपास, 'स' वर ४-५ डीबी कमी होईल इतकाच, जास्त लावलात तर बोबडं ऐकू येतं. माझं विचाराल तर प्लगइनच्या आधी हाताने करा, वेव्हफॉर्ममध्ये 'स' चा भाग दाट केसाळ ठिपक्यासारखा वेगळा दिसतो, तेवढ्याचाच क्लिप गेन खाली ओढा. एका गाण्यात असतात किती, चहा संपेपर्यंत होतं. रिव्हर्बला (घुमाऱ्याला) जाणाऱ्या सेंडवर मात्र डिएसर जोरात लावा, अर्धा टोचरेपणा रिव्हर्बमधून परत येत असतो.

अर्धी_मात्रा

शेल्फ होता. आवाजावर, १० किलोहर्ट्झला ४ डीबी. अर्धा केला. सेंडवर डिएसर लावला आणि खरंच बराच फरक पडला, कोरडा आवाज मुळात एवढा वाईट नव्हताच.

बाससाठी ऑक्टेव्ह वरचा सिंथ घेतला, स्क्वेअर वेव्ह. फोनवर छान. फक्त ई वरून ए वर स्लाइड आहे तिथे मूळ साइन सरकते आणि वरचा सिंथ उडी मारतो, दोघांचा ग्लाइड टाइम जुळवायचा की दुसरं काही?

चौथा_हार्मोनिक

ग्लाइड टाइम जुळवून बघ पण दोन सिंथचे ग्लाइड क्वचितच सारखे वागतात, एकाचा ठरावीक वेळेत पोचतो, दुसऱ्याचा ठरावीक वेगाने. तेवढ्या स्लाइडपुरता दोन्हीकडे पिच बेंड ऑटोमेट कर, रेंज दोन्हीकडे सारखी ठेव, ई ते ए म्हणजे ५ सेमीटोन, नेहमीच्या २ च्या रेंजमध्ये मावणार नाही. आणि दोन्ही मोनो मोडला (एका वेळी एकच सूर) आहेत ना ते आधी बघ, वरचा पॉली असेल तर तो ग्लाइड न करता उडीच मारणार.